बसून खेळलेलं टेनिस

ते पांढऱ्या रिमोटचं यंत्र ऑफिसात आलं, त्या आठवड्यात माझ्या मांडीवर आयकार्डांचा ढीग साचला. रिमोट हातात धरून पडद्यावरचं टेनिस खेळायचं म्हणजे हात फिरवायचा, आणि हात फिरवला की गळ्यातलं आयकार्ड उडून तोंडावर आपटायचं. म्हणून जो तो खेळायला उठताना गळ्यातली दोरी काढायचा, मनगटावरचं घड्याळ सोडायचा आणि सरळ माझ्याकडे द्यायचा. मी खुर्चीत बसलेली असायचे ना. बसलेल्या माणसाकडे वस्तू सांभाळायला द्याव्यात, हे जगात कुणाला शिकवावं लागत नाही.

हे शोळिंगनल्लूरला, दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस. मी सोलापूरहून चेन्नईला नोकरीसाठी आलेली, वेलचेरीत दोन मुलींबरोबर राहणारी आणि रोज शेअर ऑटोत कडेची जागा मिळवण्यासाठी भांडणारी. कडेची जागा मला हवी असायची, कारण माझ्या डाव्या पायात कॅलिपर आहे. लहानपणी पोलिओ झाला, त्याची ही आठवण. त्याबद्दल मला सांगण्यासारखं फार काही नाही. मी चालते, जिने चढते, फक्त हात टेकायला काहीतरी लागतं. लोकांनाच त्याबद्दल फार काही सांगायचं असतं.

त्या यंत्राच्या आधी आमच्या करमणुकीच्या खोलीत एक कॅरम होता, एक टेबल टेनिसचं टेबल होतं आणि बटणांवर चालणारा एक जुना व्हिडिओ गेम होता. त्या जुन्या गेमची मी राणी होते. फुटबॉल घ्या, मोटारींची शर्यत घ्या, जेवणाच्या सुट्टीत मला हरवणारा त्या मजल्यावर कुणी नव्हता. सगळी अंगठ्यांची करामत. पडद्यावर माझा खेळाडू वाऱ्यासारखा पळायचा आणि बघणारे त्याच्या पायांकडे बघायचे, माझ्या नाही.

मग हे नवं आलं. आता बटणं नाहीत, आता अख्ख्या अंगानं खेळा. ज्यांनी जन्मात गेमला हात लावला नव्हता ते हिशेब खात्यातले काका, रिसेप्शनवरची मुलगी, सगळे दहीभात संपवून धावत यायचे. बटणांची भीती गेली होती. हात हलवला की पडद्यावरची रॅकेट हलते, एवढं कळलं की झालं. एकानं तर जोशात रिमोट सोडला तो थेट पाणी पिण्याच्या मशीनवर आदळला. खोली हसून हसून लोळत होती, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. माझं राज्य गेलं होतं. शाळेत पी.टी.च्या तासाला बाई मला झाडाखाली बसवून सगळ्या वर्गाच्या चपला सांभाळायला द्यायच्या. सोलापूर सोडून मी समुद्रापर्यंत आले, तरी ते झाड माझ्या मागे मागे आलंच होतं.

एका दुपारी सगळे मीटिंगला गेले तेव्हा मी खोलीचं दार लोटलं, प्लॅस्टिकची खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि रिमोट उचलला. पहिला फटका मी उत्साहानं खांद्यापासून मारला. चेंडू पलीकडे गेला. तेव्हा काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बटण दाबून चेंडू मारणं वेगळं आणि माझा हात गेला तिकडे चेंडू जाणं वेगळं. शाळेतल्या इतक्या वर्षांत माझ्या हातातून कुणी चेंडू घेतला नव्हता की माझ्याकडे टाकला नव्हता. मी खुर्चीत बसून एकटीच मोठ्यानं हसले.

मग खेळता खेळता दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे यंत्राला माझा खांदा, दंड काही दिसत नव्हतं. त्याला कळायचा तो फक्त रिमोटचा झटका. नुसतं मनगट योग्य क्षणी उडवलं तरी फटका तेवढाच जोरात बसायचा, उलट जरा लवकर. आम्ही घरी कॅरम खेळून वाढलेलो, स्ट्रायकर कसा उडवायचा हे माझ्या बोटांना माहीत. दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. पडद्यावरचा खेळाडू आपला आपण पळत होता. चेंडू डावीकडे गेला की तो डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. खेळणाऱ्यानं फक्त हात मारायचा. म्हणजे पाय त्या यंत्रानं सगळ्यांचेच काढून घेतले होते. मॅरेथॉन धावणाऱ्याचे आणि माझे, दोघांचेही. सगळे उभे राहत होते ते केवळ टेनिस उभ्यानं खेळतात असं पाहिलं होतं म्हणून.

हे कळल्यावर मी गप्प बसणार नव्हतेच. आमच्या विभागांची स्पर्धा जाहीर झाली, खोलीत नावांसाठी खडूनं लिहायचा बोर्ड लागला, आणि मी नाव दिलं.

स्पर्धा आमच्या मॅनेजर सरांकडे होती. सर तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या घरातले. ‘आहे’ला ‘अहे’ म्हणायचे, वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढायचे, आणि अख्ख्या ऑफिसात त्यांच्याशी मराठी बोलणारी मी एकटी. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून डब्यातून गोड आणलं. माणूस सोन्यासारखा. म्हणून तर माझी पंचाईत झाली. परक्या भाषेत कुणी कीव केली तर झटकून टाकता येते, आपल्या भाषेत केली की ती घरात शिरते.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि आधी पाणी पाजलं. मग म्हणाले, “खेळ उभं राहूनच खेळायाचा अहे, तसं सगळ्यांस सांगितलं अहे. तुज कष्ट नको. तुजसाठी वेगळा खेळ ठेवतों, वेगळं बक्षीस ठेवतों. सरी?” सरी म्हणजे तमिळमध्ये ‘ठीक?’.

म्हणजे स्पर्धेआधी माझा एकटीचा एक डाव होणार, लोक टाळ्या वाजवणार, मला एक कप मिळणार, आणि मग मी कप मांडीवर घेऊन बाकीच्यांची आयकार्डं सांभाळणार. मी त्यांना म्हटलं की मला ते नको. माझं नाव बाकीच्यांच्या नावांत घाला, नाहीतर काढून टाका. त्यांचा चेहरा पडला. ते खरंच माझ्या भल्यासाठी बोलत होते आणि मी त्यांचा डबा परत केल्यासारखं त्यांना वाटलं असणार. मला त्याचं वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

मला बसून खेळता येणार नाही, ही बातमी दुपारी करमणुकीच्या खोलीत पोचली तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. किती वाईट, पण नियम म्हणजे नियम. फक्त एकजण हळहळला नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला एक मुलगा, उत्तर चेन्नईचा, आमच्या कॅरमचा बादशहा. कुणालाही तोंडावर वाकडं बोलायला न घाबरणारा. तो तमिळ-इंग्रजीची खिचडी करत तावातावानं म्हणाला की हिला बसू देता कामा नये, कारण बसून खेळणारा मनगटानं खेळतो, हात फिरवत नाही, त्यामुळे त्याचा फटका आधी लागतो. त्यानं मला एकदा दाराच्या काचेतून खेळताना पाहिलं होतं. ही फसवणूक आहे, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला.

अशा मुलीला असं बोलतात का, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला मात्र त्याला मिठी मारावीशी वाटली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की माझ्यामुळे इतरांवर अन्याय होतो. बिचारी म्हणणारे पैशाला पासरी मिळतात, लबाड म्हणणारा हा पहिलाच.

मी त्याला कॅरमकडे बोट दाखवून विचारलं, तिथं नियम काय? त्याला तो झोपेतही आला असता. खुर्ची हलवायची नाही, बूड उचलायचं नाही, उचललं की फाउल. मग म्हटलं, तिथं चार पावलांवर उठलं की फाउल आणि इथं बसलं की फाउल, हे कोणत्या देवानं ठरवलं? तिथं स्ट्रायकर बोटानं मारतो म्हणून कुणी तुला लबाड म्हणत नाही. त्यावर तो म्हणाला की कॅरम बसायचाच खेळ आहे. मी म्हटलं, हाही आहे, तुम्ही उगाच उभे राहताय. नाचता येईना अंगण वाकडं, असं मराठीत कुणी माझ्याबद्दल म्हणेल, पण इथं तर अंगणच पडद्यावर आहे.

वाद इतका वाढला की सर केबिनमधून बाहेर आले. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच न्याय करा, पण आमच्याकडे न बघता. पडद्याकडे तोंड करून बसा, आम्ही दोघं तुमच्या पाठीमागे खेळतो. कुणी उभं राहायचं, कुणी बसायचं, ते आम्ही ठरवू. वरचा खेळाडू बसलाय की खालचा, एवढं तुम्ही पडद्यावरून सांगा. सांगता आलं तर मी नाव मागे घेईन. मॅनेजर झाले तरी सर मूळचे गणितवाले, असल्या परीक्षेला ते नाही म्हणूच शकत नाहीत.

ते पाठ करून बसले. आम्ही खेळलो. सरांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, खालची ती, आणि ती बसली अहे. वळून बघतात तो काय, खालची मीच होते खरी, पण कॅरमच्या टेबलाला कंबर टेकून उभी. बसला होता तो बादशहा. खुर्चीत ऐसपैस, पाय पसरून. उभं राहून माझा पाय भरून आला होता, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघण्यासाठी मी आणखी तासभर उभी राहिले असते.

सरांनी नियम बदलला. ज्याला हवं त्यानं उभं राहावं, ज्याला हवं त्यानं बसावं. मला सवलत मिळाली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. नियमच गेला, आणि तो सगळ्यांसाठी गेला.

स्पर्धेत मी एकेकाला गारद करत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले आणि समोर आला तोच. तमिळ हिंदी मराठी जी शिवी सुचेल ती मी मनात दिली. त्यानं काय करावं? शांतपणे दुसरी प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, माझ्या शेजारी ठेवली आणि बसला. बसण्यात फायदा असेल तर तो मी का सोडू, म्हणाला.

खेळायला बसण्याआधी मी गळ्यातलं आयकार्ड काढलं, घड्याळ सोडलं आणि आजूबाजूला पाहिलं. सर जवळच उभे होते. मी दोन्ही वस्तू त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या निमूट धरल्या.

तो सामना बघायला अगदीच कंटाळवाणा होता, हे कबूल केलं पाहिजे. दोन माणसं खुर्च्यांत बसून मनगटं उडवतायत, जसं काही ताटावरच्या माश्या हाकलतायत. लोक कुरकुरायला लागले. त्यांना नाच हवा होता, घाम हवा होता. तिथं मला त्या यंत्राची खरी गोम कळली. जिंकायला त्याला मनगट पुरतं, पण मजा यायला अख्खा हात लागतो, आणि ती मजा मोजायला त्याच्याकडे काही नाही. ती आपली आपणच आणायची असते.

गुण बरोबरीत आले. शेवटचा चेंडू माझ्याकडे आला, उंच, सावकाश, हवा तसा. मनगटानं मारला असता तर बहुतेक मी जिंकले असते. पण त्या दुपारी एकटीनं मारलेला पहिला फटका मला आठवला, आणि मला तो चेंडू खांद्यापासून मारायचा होता. बघायला लोक होते म्हणून नव्हे. माझा हात होता, माझा चेंडू होता. मी खुर्चीतून अर्धी वळून हात पार मागे नेला आणि मारला. क्षणभर उशीर झाला. चेंडू रेषेबाहेर गेला. बादशहा खुर्चीतून उडाला आणि माझ्याच तोंडावर दोन्ही हात वर करून ओरडला. त्यानं मला जरासुद्धा सांभाळून घेतलं नाही, आणि मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

सर माझं आयकार्ड आणि घड्याळ घेऊन पुढे आले. लोक मऊ मऊ टाळ्या वाजवायला लागले होते, झाडाखालच्या मुलीसाठी वाजवतात तशा. सर हळूच म्हणाले, “बरं खेळलीस की. भाग घेतलीस, तेच मोठं अहे.”

मी आयकार्ड गळ्यात घातलं. म्हटलं, “भाग नाही घेतला, सर. मी हरले. बोर्डावर तसंच लिहा.”

सर बोर्डाकडे वळले. बादशहानं तोवर त्यांच्या आधीच खडू उचलला होता आणि माझ्या नावापुढे, दाराबाहेरूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, ते लिहून टाकलं होतं.