चाचांचं पपनस

परळीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी फळांची हातगाडी लावणाऱ्या चाचांनी जन्मात एक फळ फेकलं नाही. संध्याकाळी जे उरेल, डागाळेल, ते स्वतः खायचे. मी एकदा विचारलं, चाचा, पोट आहे का पोतं? तर म्हणाले, "फळ फेकलं तर झाडाची बद्दुआ लागती, भाभी."

त्यातही जीव पपनसावर. महालक्ष्म्यांच्या दिवसांत गाडीवर ढीग लावायचे. जाड साल टोपीसारखी उतरवून, पापुद्रा सोलून फोड गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं आणि केळी घेऊन चालतं व्हायचं. उरलेली पपनसं कोण खाणार? चाचाच. आमच्या ह्यांना मात्र ते फळ भारी आवडायचं, म्हणून एखादं न मागता आमच्या पिशवीत पडायचं.

मग चाचांना हृदयाचा झटका आला. त्यातून वाचले. डॉक्टरांनी कोलेस्ट्रॉलची गोळी दिली, तेलकट आणि मटण बंद केलं, फळं खा म्हणाले. चाचा खूश! ह्यांनाही तशीच गोळी चालू होती, त्यामुळे दोघांच्या गप्पा आता त्याच विषयावर. चाचांनी गोळी कधी चुकवली नाही. गाडीवरच घ्यायचे, पपनसाच्या फोडीबरोबर. छातीचं दुखणं असलेला कोणी आला की त्यालाही आग्रह करायचे.

त्या वर्षी महालक्ष्म्या झाल्या आणि पपनसं फार उरली. चाचा रोज खात राहिले. हळूहळू मांड्या इतक्या दुखायला लागल्या की गाडी लोटवेना. दाखवून या म्हटलं, तर म्हणाले, गाडी लोटून दुखत्यात, वय झालं. लघवी काळ्या चहासारखी झाली तेव्हा चाचीनं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

तोवर मूत्रपिंडं बसली होती. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं खोदून विचारलं आणि सांगितलं, पपनसानं ही गोळी अंगात साचत गेली, तिनं स्नायू झिजवले आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर आला. अशा सगळ्याच गोळ्यांचं तसं होत नाही, चाचांच्या गोळीचं होतं. अहो, पण फळवाल्याला फळ खाऊ नको म्हणून सांगायचं कुणाच्या ध्यानात येणार?

मी भेटायला गेले तेव्हा चाचांना स्वतःची काळजी नव्हतीच. "किती जणांला खाऊ घातलं मी, भाभी," म्हणाले. "साहेबांस्नी पपनस देऊ नका. गोळी मात्र मनानं बंद करू नका, आदी डाक्टरला इचारा." एवढं बोलून दमले. मला रडू आवरेना. त्याच आठवड्यात चाचा गेले.

ह्यांची गोळी तीच निघाली. डॉक्टरांनी ती बदलून दिली. चाचांच्या शब्दावर माझं कुंकू राहिलं, आणि चाचीचा माणूस मात्र गेला. हे मनातून जात नाही.

आता गाडी चाची लावते. लोक महालक्ष्म्यांपुढे ठेवायला मागतात म्हणून पपनसं आणते. देण्याआधी प्रत्येकाला विचारते, घरात कुणाला कोलेस्ट्रॉलची गोळी हाय का? लोक हसतात. यंदा मी एक उचललं, तर सगळं ठाऊक असून मलाही विचारलं. मी हो म्हटलं. तिनं ते हातातून काढून घेतलं आणि पिशवीत केळी टाकली.

संध्याकाळी उरलेली पपनसं ती उकिरड्यावर टाकत होती. मला चाचांचे शब्द आठवले, मी तिच्याकडे पाहतच राहिले. तिला कळलं.

"लागू दे झाडाची बद्दुआ," ती म्हणाली. "माझी बी लागलीच हाय त्याला."