चादर एकटीने फाटत नाही

माझी मावशी रागीट आहे असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. तापलेल्या इस्त्रीला कोमट म्हटल्यासारखं वाटतं.

ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात शिलाई मशीनचं नुसतं डोकं. खालचा लोखंडी सांगाडा तिथेच राहिला होता. काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, राहतं घर परस्पर विकलं आणि दुसऱ्या गावात, दुसऱ्या बाईबरोबर, दुसरा संसार थाटला. माणूस एकदा दुसऱ्यावर आला की सगळंच दुसरं लागतं, असं मी म्हणालो आणि आईचा मार खाता खाता वाचलो.

"ताई, चार दिवस आराम कर," आई म्हणाली.

"आराम त्याने केला. मला काम बघा." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझ्या त्या लाँड्रीत विचार. नुसत्या चिठ्ठ्या लिहीत बसू नकोस."

मी लाँड्रीच्या काउंटरवर चिठ्ठ्या लिहितो हे खरं आहे. आमच्याकडे मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी येतात. धुतल्या जातात, वाळतात, गरम रोलरमधून निघतात आणि शेवटी घडीच्या टेबलापाशी येतात. मावशीने तिथे बारा वर्षं काढली होती. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी काम सोडलं, ते का, हे आम्हाला कधी नीट कळलं नाही.

हेडबाई तिला ओळखत होत्या. म्हणाल्या, "महिनाभर बघते. घड्या सरळ आल्या तर राहा. पण जागा एकच रिकामी आहे. शिडीसमोरची."

मावशीचं तोंड बघण्यासारखं झालं.

शिडी म्हणजे मावशीची एकेकाळची जिवाभावाची मैत्रीण. उंची एवढी की वरच्या फळीवरचे गठ्ठे स्टूल न घेता काढायची. मावशी तिच्या खांद्यालाही लागत नव्हती, म्हणून ती डबी. शिडी आणि डबी. लाँड्रीत दोघींना खऱ्या नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

मोठी चादर एकटीने घडी करता येत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, झटका देऊन सुरकुती काढायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा लावायचा. दोघींचे हात एका उंचीवर हवेत, नाहीतर घडी तिरकी बसते. बारा वर्षं शिडी या कामापुरती गुडघ्यात वाकून, हात खाली घेऊन उभी राहिली. मी शाळा सुटल्यावर तिथे बसायचो. मला वाटायचं, हिचे गुडघेच तसे आहेत.

पहिल्या दिवशी कळलं, तसे नव्हते. शिडी ताठ उभी राहिली, खांबासारखी. चादरीचे कोपरे पार तिच्या हनुवटीपाशी. मावशी टाचा उचलून, पंजांवर, दात ओठ खाऊन उभी.

"तुझ्या मावशीला सांग," शिडी मला म्हणाली, "चादर धरायची असते, लोंबकळायचं नसतं."

"तिला सांग," मावशी म्हणाली, "झाडं पण वाऱ्याला वाकतात म्हणावं."

"मी चिठ्ठ्या लिहितो," मी म्हणालो, "पोहोचवत नाही."

दोघींनी एकदम माझ्याकडे असं बघितलं की मी काउंटरमागे गेलो. निदान तेवढ्यावर तरी दोघींचं एकमत झालं.

वीस दिवस हे असंच चाललं. झटका द्यायची वेळ आली की दोघी असा द्यायच्या की वाटावं, चादरीने काहीतरी गुन्हा केलाय. आणि मग हॉस्पिटलमधून एक अख्खा गठ्ठा परत आला. घड्या तिरक्या, कपाटात बसत नाहीत. हेडबाईंनी मावशीला बोलावलं. "शनिवारचा गठ्ठा सरळ गेला पाहिजे. नाहीतर सोमवारी दुसरी बाई बघते."

त्या संध्याकाळी मावशी ताटावर बसून जेवणाशी भांडत होती.

"तिला जरा वाक म्हण ना," मी म्हणालो.

"मी? तिला? मेले तरी नाही!"

"मग टाचांच्या चपला घाल."

पाण्याचं भांडं माझ्या कानाजवळून गेलं. आई म्हणाली, "ताई, पण झालं तरी काय होतं तुमच्यात?"

"जळकी आहे ती. माझ्या नवऱ्याबद्दल वाट्टेल ते येऊन सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

मावशीने घास खाली ठेवला. "हेच."

"हेच म्हणजे?"

"जे झालं तेच."

मग मी, मूर्खासारखं, "म्हणजे राग नक्की कुणावर आहे?"

"तू तुझं ताट संपव," मावशी म्हणाली आणि आपलं तसंच टाकून उठली.

शुक्रवारी दुपारी चादर फाटली. जुनी, धुऊन धुऊन विरलेली. दोघींनी झटका दिला आणि मधोमध फर्रकन आवाज आला. मावशीच्या हातात अर्धी, शिडीच्या हातात अर्धी.

हेडबाई आल्याच. "कुणी फाडली?"

मावशीचा महिना संपायला आठवडाच उरला होता आणि तिरक्या घड्यांचा गठ्ठा आधीच बोकांडी होता. शिडीने नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं.

"दोघींनी," शिडी म्हणाली. "चादर एकटीने फाटते का कधी?"

"मग सुट्टीत बसून दोघी या फाटक्या चादरीतून उशीच्या खोळी शिवा," हेडबाई म्हणाल्या. आमच्याकडे तीच पद्धत आहे, जो फाडेल तो शिवेल. "आणि उद्याचा गठ्ठा विसरू नका."

त्यांची पाठ वळली आणि मावशी उसळली. आठ वर्षांत पहिल्यांदा थेट शिडीशी बोलली. "मी मागितली होती का तुझी दया?"

"दया?" शिडीने आपली अर्धी चादर टेबलावर आपटली. "तू आज गेलीस तर मी जळकी नाही हे मला कोण सांगणार? तुझा नवरा? त्या बाईची गल्ली, घर, जिना, सगळं तुझ्या दारात उभं राहून सांगितलं मी तुला. तू काय म्हणालीस?"

मावशीने दुसरी चादर ओढली. "काम कर."

"म्हण ना! तेव्हा सगळ्या चाळीला ऐकू गेलं होतं."

"तुला नवरा टिकवता आला नाही," मावशी चादरीकडे बघत म्हणाली, "म्हणून माझ्यावर जळतेस."

"बरोब्बर पाठ आहे."

चादर ताणली गेली. झटका. दोघी चालत आल्या, कोपऱ्याला कोपरा लागला. तोंडासमोर तोंड. मावशीचा चेहरा लालबुंद.

"तू खरं सांगितलं होतंस."

"मशीन चालू आहे. ऐकू नाही आलं."

"खरं सांगितलं होतंस तू!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की रोलरवरच्या दोघी थांबल्या.

"आणि?"

"आणि काय, आणि!"

"पुढची चादर घे. सुचेल."

पुढची चादर झाली. पुन्हा कोपऱ्याला कोपरा. "आणि मी वाईट बोलले," मावशी दातांमधून म्हणाली.

"किती?"

"फार. बास? का लिहून देऊ? तो बसलाय तिथे, चिठ्ठ्याच लिहितो."

शिडी हसली नाही. तिसरी चादर उचलली, कोपरे धरले, आणि मला दिसलं, तिचे हात खाली आले होते. हनुवटीपासून छातीपर्यंत. गुडघे वाकायला लागले आणि मध्येच अडकले. आठ वर्षांत गुडघ्यांचंही वय आठ वर्षांनी वाढलं होतं.

"वाकू नकोस एवढी," मावशी फणकारली. "कुरकुर ऐकू येतेय इथपर्यंत. म्हातारी झालीस."

"मग तू उंच हो."

मावशीने टाचा उचलल्या. पूर्ण नाही, अर्ध्याच. तेवढ्याने जमलं.

शनिवारचा गठ्ठा गेला तो परत आला नाही. हेडबाईंनी मावशीचं नाव पक्क्या वहीत लिहिलं. संध्याकाळी मी आनंदाने घरी सांगायला आलो, तर मावशी आधीच पोहोचलेली आणि मशीनचं डोकं खाटेवर ठेवून, हाताने चाक फिरवत खोळ शिवत होती. शिवण वाकडी.

"दोन चादरी!" ती मला बघून म्हणाली. "सगळ्यांसमोर ओकवून घेतलं माझ्याकडून, मेलीने."

"मग सोमवारी जाऊ नकोस."

"का नाही जाणार?" तिने दोरा दातांनी तोडला. "माझं घर गेलं, नवरा गेला, सगळ्या गावाला कळलं. ही मात्र एकदाही विचारायला आली नाही, जिवंत आहेस का म्हणून. आता ओकवून घ्यायची पाळी माझी आहे. चांगल्या दहा-बारा चादरी लागतील."