आमसुलांची पुडी

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही लखनौला विकास नगरात राहायचो. नवरा सरकारी इंजिनिअर. एका पुलाच्या कामावर त्याने 'निकृष्ट' असा शेरा मारला, आणि ठेकेदार निघाला मंत्र्याचा मेहुणा. पुढच्याच आठवड्यात आमच्या फोनमध्ये खरखर सुरू झाली. आपण बोलत असताना मध्ये कुणीतरी बसलंय, हे कळायचं. नवरा म्हणाला, "ऐकू दे. इथे मराठी कुणाच्या बापाला कळतंय?" मलाही ते पटलं. शहाणे ना आम्ही!

म्हणून दर रविवारी चिपळूणला आईशी मी मनमोकळं बोलायची. मला दिवस गेले होते. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे नवरा आणि आई, दोघांनाच ठाऊक. "अन्नाचा वाससुद्धा सहन होत नाही," मी आईला म्हटलं.

"आमसूल चोखत जा," ती म्हणाली.

घरातली आमसुलं संपली होती आणि लखनौचा अख्खा चौक बाजार पालथा घातला तरी मिळेनात.

चार दिवसांनी मराठी मंडळातले एक काका दारात उभे. कुठल्याशा सरकारी कचेरीत होते, गणपतीत आमच्याकडे जेवायला यायचे. हातात पुडी. "गावाहून आलीयेत आमसुलं. मळमळीला बरी असतात, हाँ. घे बाळ."

नवऱ्याने विचारलं, "काका, हिला मळमळतंय हे तुम्हाला कोण बोललं?"

काकांचा चेहरा उतरला. म्हणाले, "माझ्याकडे टेप येतात. मी हिंदीत उतरवून देतो. तुमच्याविरुद्ध काही नाही, असंच लिहितो रे. सांभाळूनच घेतो."

म्हणजे वर आमच्यावर उपकार! वाळूचा पूल बांधणारा मोकळा, आणि माझ्या ओकाऱ्या सरकारी फायलीत. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. काकांचा राग येतोच, ऐकायला बसवणाऱ्यांचा तर येतोच येतो, पण मराठीला कुलूप समजून निर्धास्त बसलेल्या आम्हा दोघांचाही येतो. पुडी मी त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकली.

तिसरा महिना सरलाच नाही. मूल पोटातच गेलं. ते मला आईला सांगायचं होतं, टेपला नाही. मी पत्र लिहिलं. ते पोचायला आठ दिवस लागले.

मधल्या रविवारी आईने फोनवर विचारलं, "मळमळ थांबली का गं?"

"थांबली," मी म्हटलं.