आठ पायऱ्या, चौतीस वाटा

राजूरच्या पुढे डोंगरात आमची शाळा आहे. खाली मैदान, वर वर्ग आणि मधे आठ दगडी पायऱ्या. मी सातवीला गणित शिकवते.

गेल्या वर्षी संख्यांच्या आकृतिबंधांचा धडा चालला होता. फळ्यावरच्या आकड्यांनी पोरं पेंगायला लागली, तशी मी सगळ्यांना बाहेर काढलं. "एका वेळी एक पायरी चढायची, नाहीतर दोन. किती वेगवेगळ्या तऱ्हेनं चढता येईल, सांगा."

एका पायरीला एकच तऱ्हा. दोन पायऱ्यांना दोन, तीनला तीन.

"चारला चार!" सगळे एकदम ओरडले. चढून बघितलं तर निघाल्या पाच. पाच पायऱ्यांना आठ! एका मुलीनं झटकन पकडलं, "बाई, मागच्या दोन आकड्यांची बेरीज होतीय!"

"बरोबर. पण का होतीय?"

पोरं पुन्हा पायऱ्या मोजायला लागली. खरं तर नियम मला पाठ होता, पण त्याचं कारण मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

सगळ्यात वरच्या पायरीवर आमच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झालेली. ताटावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "बाई, माझ्यापाशी येनारा एक तर सातव्या पायरीवरून येनार, न्हाईतर सहावीवरून. आनखी कुटून येईल? मग त्या दोन पायऱ्यांपत्तुर जेवढ्या वाटा, त्यांचीच बेरीज की!"

इतकं सोपं! सहाव्या पायरीपर्यंत तेरा वाटा, सातवीपर्यंत एकवीस, म्हणून आठवीपर्यंत चौतीस. पोरांनी टाळ्या पिटल्या. मावशींनी हसत पदर तोंडाला लावला. "गप ऱ्हावा रं, तांदूळ सांडतील माझं."

मग त्यांनीच विचारलं, "अन् तीन-तीन पायऱ्या उड्या मारनारी बी हायेत की तुमच्यात. त्यांचं काय?"

"मला नाही माहीत, मावशी," मी म्हणाले. हे बोलताना एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

सगळा वर्ग खाली धावला. पाठोपाठ निऱ्या सावरत मीही. शेवटी ताट बाजूला ठेवून मावशीही उतरल्या.

त्या दिवशी खिचडीला चांगलाच उशीर झाला. मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा मी काही बोलायच्या आत मावशींनीच सांगून टाकलं, "गनित चाललं हुतं, सर."