बांधकोरे सरांची पिवळी टीम

बांधकोरे सरांबद्दल लिहायचं मी आठ वर्षं टाळत आलो. कुणी त्यांचा विषय काढला की मला गुडघेदुखी आठवायची आणि मी उठून जायचो. आता गुडघे खरंच गेले आहेत, उठून जाता येत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

सरांचं खरं आडनाव वेगळं. हे नाव पोरांनी ठेवलेलं. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या लहानशा कॉलेजात ते तासिका तत्त्वावर खेळ शिकवत. म्हणजे दर जूनला नवं नेमणूकपत्र आलं तर वर्षाची भाकरी, नाही आलं तर साखरा या त्यांच्या गावची कोरडवाहू शेती. मी तिथला हेडक्लार्क. सगळे मला मोठे बाबू म्हणत.

एका वर्षी विद्यापीठाच्या खेळांच्या यादीत त्यांना अमेरिकन फुटबॉल दिसला. ती यादी घेऊन ते थेट माझ्या टेबलाशी आले. "मोठे बाबू, कबड्डीत चाळीस कॉलेजं हाईत. यात चारच. आपण पाचवे. पोरं पहिल्या दोनात आली तर सर्टिफिकेट. पोलीस भरतीत कामाला येईल."

"सर, हा खेळ तुम्ही कधी पाहिलाय?"

"न्हाई. पण त्या चौघांनी तरी कुठं पाहिलाय?"

मोबाइलवर सामने बघून बघून ते स्वतः शिकले आणि मग मैदानावर चौदा पोरांना समोर बसवून त्यांनी नियम सांगितला. "चार झटक्यांत दहा यार्ड पुढं सरकायचं. समोरचा अडवतो, तरी सरकायचं. शेजाऱ्याचा बांध कोरतेत ना, तसं. तुमच्या घरी दोन पिढ्या हेच चालू हाय, मी काय नवं शिकवून राहिलो?" त्या दिवसापासून ते बांधकोरे सर झाले. हाक ऐकून रागावायचे नाहीत, उलट वळून बघायचे.

लांबुळका चेंडू येईपर्यंत सराव न सोललेल्या नारळावर झाला. खांद्यांवर बांधायच्या गाद्या सरांनी हळदीच्या रिकाम्या पोत्यांतून शिवून घेतल्या. पोती झटकली होती, पण धुतली नव्हती. पोरं घामेजली की मानेपासून कमरेपर्यंत पिवळी व्हायची. पहिल्याच सामन्यात समोरची पोरं ओरडली, "नवरदेव आले रे, वरात कुठंय?" आमची पोरं खाली बघायला लागली. सर शांतपणे म्हणाले, "लग्न लागू द्या की आधी." ते काही लागलं नाही. बेचाळीस विरुद्ध शून्य. परतीच्या एसटीत सरांनी मागं वळून सांगितलं, "आज फकस्त बांध बघून आलो. कोरायचा पुढच्या वेळंला."

पुढचे तिन्ही सामने पोरांनी जिंकले. विलास नावाचा एक धिप्पाड गडी होता, पोलीस भरतीची तयारी करणारा. तो चेंडू छातीशी धरून निघाला की तिघं लटकले तरी थांबायचा नाही. आम्ही दुसरे आलो. आता फक्त खेळाडूंचे पात्रता अर्ज मुदतीत विद्यापीठात पोचायचे होते. पोचले नाहीत तर सगळे निकाल रद्द.

सोमवारी सकाळी सरांनी सही-शिक्क्यांचे अर्ज माझ्या हातात दिले. "आजच्याच गाडीनं पाठवा, मोठे बाबू." त्या दिवशी अमावस्या होती. चौतीस वर्षांच्या नोकरीत चांगल्या कामाचा कागद मी अमावस्येला कधी बाहेर सोडला नव्हता. पोरांचं भलं व्हावं म्हणूनच मी ते अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवले आणि मंगळवारी पाठवले. मुदत सोमवारी संपत होती. वरच्याच कागदावर तसं छापलेलं होतं. मी वाचलंच नाही.

निकाल रद्द झाल्याचं पत्र आलं. प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं आणि मला जावक रजिस्टर घेऊन यायला सांगितलं. माझी निवृत्ती दोन महिन्यांवर होती. जाता जाता मी सोमवारच्या तारखेखाली एक ओळ घातली: अर्ज संबंधित शिक्षकांच्या हाती दिले. प्राचार्यांनी ती मोठ्यानं वाचली. सरांनी रजिस्टरात पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "व्हय, माझ्याकडंच होते. माझ्याच्यानं उशीर झाला."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाले, "शाई तरी वाळू द्यायची, मोठे बाबू."

त्या जूनला त्यांना नेमणूकपत्र मिळालं नाही. पोरांनाही त्यांनी स्वतःचीच चूक सांगितली. विलास तर त्यांना रस्त्यात दिसला की तोंड फिरवायचा.

निवृत्तीनंतर मी एकदा साखऱ्याला गेलो. सरांनी बाजेवर बसवलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला, हरभरा कसा आलाय ते दाखवलं. मी म्हणालो, "सर, त्या अर्जांचं…" ते म्हणाले, "चहा निवून राहिला." मी चहा प्यायलो आणि परत आलो.

गेल्या वर्षी सर गेले. दहाव्याला नदीवर मोठी गर्दी होती. पिंडाला कावळा शिवल्यावर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. विलास उठला. भरतीत तो दोनदा थोडक्यात राहिला, आता हिंगोलीत पिकअप चालवतो. "सरांनी आमाला माणूस केलं," तो म्हणाला. "एक चूक झाली त्यांच्या हातून, पण माणूस हाय, चुकतो. आमी माफ केलं त्यांना."

मग त्यानं माइक माझ्या हातात दिला. समोर सरांची बायको बसली होती. ती चूक माझी होती, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "सर फार शिस्तीचे होते," आणि खाली बसलो.