तीनदा सरकलेली भिंत

चेन्नईच्या पश्चिमेची आमची वसाहत संरक्षण कारखान्यातल्या कामगारांनी एका तळ्याच्या काठी वसवली. त्यात आम्ही आठ-दहा मराठी घरं. आज तळं नाही. वसाहतीला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती, आणि तिच्यातला नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यात एक तुटक रेघ ओढली: घरांच्या मागच्या भिंती मुळात होत्या तिथं.

पद्धत अशी होती. प्रत्येक घर आपला कचरा मागच्या भिंतीवरून तळ्यात टाकायचं. शहाळी, फुटक्या फरश्या, लहान मुलांचे डायपर, एकदा मेलेलं मांजर. वर एखादा ट्रक राडारोडा. जमीन घट्ट झाली की भिंत पाडून पुढे बांधायची. उन्हाळ्यात त्या भरावातून हिरवट पाणी पाझरायचं आणि वासानं घास तोंडात फिरायचा. आमची भिंत तीनदा सरकली. माझी खोली त्याच कचऱ्यावर उभी आहे.

आणि बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे! मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'हडपलेलं परत करा' हे मी स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य.

नकाशा पाहून बाबा म्हणाले, "ही रेघ काढून टाक."

"का? खोटी आहे?"

"खरी आहे म्हणूनच. उद्या नोटीस आली तर?"

"मालकांविरुद्ध लिहिताना नोटिशीला घाबरला नाहीत ते?"

"तेव्हा माझं घर नव्हतं, पोरी."

इतकं सरळ उत्तर.

आमच्याकडे भांडी घासणारी अक्का दारात उभी होती. "पाप्पा, बाप-लेकीचं काय चाललंय?" तिनं तमिळमध्ये विचारलं. पाप्पा म्हणजे मी, तिची लहानपणापासूनची 'बाळ'. मी नकाशा तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नाही. पण पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, देऊळ तिनं ओळखलं, तिथून घरं मोजली आणि तुटक रेघेपलीकडे माझ्या खोलीवर बोट ठेवलं.

"इथं, भरावावर, माझी चूल होती. सर, तुझे बाबा, चहाला यायचे. आमच्या झोपड्या उठवू नयेत म्हणून कागदही वाटले होते त्यांनी." मग ती हसली. "चांगले पेटायचे कागद."

त्या झोपड्या उठल्या, मग आमची भिंत पुढे गेली. अक्का आता दोन बस बदलून कामाला येते. बाबा वर्तमानपत्र वाचू लागले. मी माझ्या खोलीच्या चौकोनात चूल काढली.

स्मरणिकेत नकाशा आला नाही. त्या पानावर मिठाईच्या दुकानाची जाहिरात होती. समारंभात पहिल्या रहिवाशांचा सत्कार होता. त्या दिवशी नकाशाच्या झेरॉक्स प्रती घेऊन मी हॉलच्या फाटकात उभी राहिले. शेजारच्या काकांनी एक घेतली आणि बुटाखाली टाकली. बाबांनीही एक घेतली. चष्मा लावून रेघ पाहिली, चूल पाहिली, कागद उजेडाकडे धरला.

"छपाई चांगली आलीय," ते म्हणाले, आणि आत सत्कार घ्यायला गेले.