कुलपासकट आणलेलं दार

मुकुंदवाडीतल्या आमच्या घराला त्याचं दार शोभत नव्हतं. वर पत्रे, भिंतींना धड गिलावा नाही, आणि पुढं पितळी फुलांचं जाडजूड सागवानी दार. येणारा आधी दाराकडं बघायचा, मग आमच्याकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीचं ताट बाकावरून सरकत बाबांपर्यंत यायचं आणि बाबा काहीच न घेता ते शेजाऱ्याकडं द्यायचे. मी विचारलं की आई म्हणायची, "त्यांचं पोट दुखतंय." नेमकं त्याच रविवारी दुखणारं हे पोट घरी आल्यावर कोंबडीचा रस्सा दोनदा मागून घ्यायचं. तरी पुढं आम्हीही आमच्या मुलीला बाबांबद्दल हेच कारण सांगितलं.

खरं काय ते मी मोठा झाल्यावर आईनंच सांगितलं. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलिस ॲक्शननंतर आमच्या गावातलं एक मुसलमान कुटुंब जीव मुठीत धरून निघून गेलं. परत येऊ या आशेनं दाराला कुलूप लावून गेलं. आजोबांनी ते दार कुलपासकट, चौकटीसकट उखडून आणलं. आजोबा तेव्हा चर्चचे पंच होते आणि प्रार्थना मोठी खणखणीत करायचे. बाबा मात्र म्हणायचे, पाप पदरात ठेवून प्रभूची भाकर घ्यायची नसते.

एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, बापाचं पाप देव लेकाच्या माथी मारत नाही, ज्याचा जाब त्यानंच द्यायचा. मला बाकावर बसवेना. मी बाबांना कोपरानं ढोसलं. त्यांनी ताट पुढंच दिलं.

घरी येताच माझा तोल गेला. "ऐकलं ना? तुमचा काय संबंध? चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

"चोरलं त्यानं, व्हय," बाबा म्हणाले. "पण रोज कडी लावून निवांत कोण झोपतं? मीच ना?"

"मग देऊन टाका ज्याचं त्याला."

"कुठं हायेत ती माणसं? अन् तुम्ही लेकरं लहान व्हती. घर उघडं टाकू का?"

मी रागानं तेच दार आपटून बाहेर पडलो.

शेवटच्या आजारात पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. बाबांनी हात वर केला. "आधी दार काढा."

मी चिडचिड करत सुतार बोलावला. फळ्या उतरवून बाहेर भिंतीला टेकवल्या. रस्त्यावरची धूळ थेट खाटेपर्यंत येऊ लागली. बाबांनी भाकर घेतली, प्याला दोन्ही हातांनी धरला आणि रडले. मीही रडलो. त्याच आठवड्यात ते गेले.

माती देऊन आलो, पाहुणे पांगले. बायको म्हणाली, "उघड्या घरात पोरीला घेऊन झोपायचं का?" तिचं काय चुकलं? मी दार पुन्हा बसवलं. बिजागऱ्या सवयीच्या होत्या, पटकन बसलं.

पुढच्या प्रभुभोजनाला ताट माझ्यापर्यंत आलं. आजोबांचं पाप आजोबांचं, हे मला पाठ होतं. पण सकाळी निघताना त्या दाराला कुलूप मीच घातलं होतं. मागं कुणीतरी खोकलं. मी ताट पुढं दिलं.

शेजारी बसलेली मुलगी माझ्या कानाशी आली. "पप्पा, तुमचं पण पोट दुखतंय का?"

मी हो म्हणालो.